विमानाचा मूळ रंग म्हणजे नेमका कोणाचा रंग?

 

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी मला विचारलं, की सर, गेले काही आठवडे तुम्ही अस्सलपणावर बोलताय, चित्रं झाली, वाडे झाले, देवळं झाली, आता मध्येच विमानाचा रंग कुठून आला? प्रश्न रास्त आहे. पण चित्राचं काय करायचं ते संग्रहालय ठरवतं, देवळाचं पुरातत्त्व खातं ठरवतं. आपण फक्त चर्चा करतो, आणि चर्चेत चूक झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. हलक्या विमानाच्या मालकाला मात्र हे स्वतः ठरवावं लागतं, स्वतःच्या पैशानं, आणि अमुक तारखेच्या आत. रंगाचे पोपडे सुटलेले असतात, रंगवणारा विचारत असतो की साहेब, जुना द्यायचा की नवा? तिथे तत्त्वज्ञानाला लपायला जागा नाही.

हलकं विमान म्हणजे काय, एवढं आधी सांगतो. एक इंजिन, दोन ते चार माणसं. जुहूच्या धावपट्टीवर अशी विमानं तुम्ही पाहिली असतील. अमेरिकेत १९४०च्या दशकापासूनची अशी हजारो विमानं अजून उडतात, आणि ती खासगी मालकीची आहेत. उन्हापावसात उभं राहणाऱ्या विमानाचा रंग काही जन्मभर टिकत नाही, त्यामुळे १९४६ साली बनलेलं विमान आजवर तीन-चारदा तरी रंगलेलं असतं. प्रत्येक वेळी मालकापुढे दोन वाटा असतात. एक, कारखान्यातून निघालं तेव्हा होती तशी रंगयोजना. दुसरी, आजच्या आवडीची. पहिलीला लोक ‘ओरिजिनल’ म्हणतात, दुसरीला ‘मॉडर्न’. हे दोन्ही शब्द बरेच फसवे आहेत. त्यातला पहिला जास्त फसवा, कारण तो सज्जन दिसतो.

उदाहरण घेऊ पायपर कबचं. जे-३ कब. १९३८ पासून १९४७ पर्यंत, लष्करी धरून, सुमारे वीस हजार बनली. पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावात कारखाना. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे लहानसं इंजिन. प्रसिद्ध झालेलं ६५ अश्वशक्तीचं, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या साध्या मोटारीपेक्षाही कमी. आणि रंग पिवळा. हळदीकडे झुकणारा, भरघोस पिवळा. बाजूने एक काळा पट्टा, नाकापासून शेपटीकडे निमुळता होत जाणारा, आणि मध्येच विजेसारखा मोडलेला. शेपटीवर अस्वलाचं पिल्लू, कारण कब म्हणजे पिल्लू. त्या पिवळ्याला आजही लॉक हेवन यलो म्हणतात. एखाद्या गावाचं नाव रंगाला मिळावं हे भाग्य फार थोड्या गावांचं. आपल्याकडे पैठणला साडी मिळाली, रंग नाही मिळाला.

हा पट्टा मला फार आवडतो. का, ते सांगतो, कारण समीक्षेत ‘आवडतो’ म्हणून थांबता येत नाही. कबचं अंग ओबडधोबड आहे. कापडाखालच्या पट्ट्यांचे उंचवटे बाहेरून दिसतात, पोट सपाट आहे, खिडक्या चौकोनी. पट्टा ते काही लपवत नाही. अंगाच्या लांबीवरून तो सरळ जातो आणि शरीर जिथे बारीक होतं तिथे बारीक होतो. आणि तो वीजेचा मोड? इतक्या सावकाश उडणाऱ्या विमानावर वीज काढणं हा विनोद आहे, पण स्वतःवरच केलेला. म्हणून तो गोड वाटतो. रंग थोडा, रेष एक, आणि दोन्ही विमानाच्या देहाशी प्रामाणिक.

मग कबला मूळ रंगच द्यावा, प्रश्न मिटला! नाही मिटला. ओहायोतल्या एका मराठी श्रोत्याने मला लिहिलं, त्यांनी आणि दोन मित्रांनी मिळून एक जुनं कब घेतलंय. दोघांचं म्हणणं पिवळंच करायचं, तेच ओरिजिनल. पण कागदपत्रं काढली तर हे विमान लष्करासाठी बनलेलं निघालं. दुसऱ्या महायुद्धात याच विमानाची एल-४ नावाची आवृत्ती होती, मळकट हिरव्या रंगाची. अशी पाच हजारांहून जास्त बनली. तोफखान्यासाठी वरून टेहळणी करायची, नेम कुठे पडला ते सांगायचं, हे त्यांचं काम. नॉर्मंडीच्या वेळी, जून १९४४ मध्ये, त्यांच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे ओढले होते, आपल्याच लोकांनी गोळ्या घालू नयेत म्हणून. युद्ध संपल्यावर ती स्वस्तात विकली गेली आणि घेणाऱ्यांनी धडाधड पिवळी करून टाकली. कबचा रंग पिवळा असतो ना, म्हणून.

आता बघा गंमत. या विमानाला पिवळा रंग दिला तर ‘कब’ या जातीचा मूळ रंग मिळतो, पण ‘हे’ विमान कारखान्यातून पिवळं निघालंच नव्हतं. हिरवा दिला तर या व्यक्तीचा मूळ रंग मिळतो, पण बघणारा म्हणतो, अरे, कब हिरवं का? तर्कशास्त्रात जाती आणि व्यक्ती हा भेद आपण पहिल्या वर्षाला शिकवतो, मुलं जांभया देतात. इथे तो भेद तीन मित्रांच्या भांडणाचं कारण आहे. आणि तिसरीही बाजू आहे. १९४६ ते आजपर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षांहून जास्त काळ, हे विमान पिवळंच आहे. युद्धात होतं फार तर दोन-तीन वर्षं. मग त्याचं चरित्र कोणतं? माणसाचं ‘मूळ’ आपण त्याच्या बारशाच्या झबल्यावरून ठरवत नाही.

माझं मत त्यांना कळवलं आहे, इथेही सांगतो. पिवळा देण्यात काही गैर नाही, फक्त त्याला मूळ म्हणू नका. ती एक परंपरा आहे, चांगली परंपरा आहे, तिच्या नावाने द्या. खोटेपणा रंगात नसतो, त्या रंगाबद्दल केलेल्या दाव्यात असतो.

दुसरा गोंधळ द्रव्याचा. मूळ रंग म्हणताना लोकांच्या मनात छटा असते. पण कबवर तो पिवळा कशाने होता? सुती कापड, त्यावर डोप नावाच्या द्रावणाचे हात. डोपने कापड ताणलं जातं, ढोलकीच्या पुडीसारखं घट्ट होतं. मध्ये ॲल्युमिनियमची पूड घातलेले रुपेरी हात, कारण ऊन कापडाला खातं, ते अडवायला हवं. आणि सगळ्यात वर पिवळा. आज सुती कापड जवळजवळ कुणी वापरत नाही. पॉलिएस्टर वापरतात, ते कितीतरी जास्त टिकतं. म्हणजे छटा मूळ, कापड नवं, रसायन नवं, चकाकी नवी. कारखान्यातल्या पिवळ्याला इतकी काचेसारखी चकाकी नव्हती.

इथे तुम्हाला थीसियसचं जहाज आठवलं असेलच. प्लूटार्कने सांगितलेलं, एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? हॉब्सने त्यात भर घातली की काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? विमानवाल्यांनी हा प्रश्न सोडवून टाकलाय, आणि तेही आपल्याला न विचारता. विमानावर उत्पादकाची धातूची पाटी असते, त्यावर क्रमांक. कापड बदललं, पंख बदलले, सांगाड्याच्या नळ्या कापून नव्या जोडल्या, तरी पाटी आणि कागद जिथे, तिथे विमान. एखाद्या मोडक्या सांगाड्यातून पाटी तेवढी धड उरते आणि तिच्याभोवती अख्खं विमान पुन्हा उभं राहतं. (हशा) हसू नका, आपल्याकडे जुनी वस्त्रं टाकून नवी नेसणाऱ्या देहीची कल्पना आहेच. त्यांचा आत्मा पाटीत आहे, इतकंच.

राइट बंधूंचं १९०३ चं विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याचं कापड १९२७ साली बदललं, १९८५ साली पुन्हा बदललं. त्याला कुणी नकली म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

धातूच्या विमानांची गोष्ट आणखी अवघड आहे, आणि मला ती जास्त बोधक वाटते. १९४०-५० च्या दशकांत सेसनाची बरीच विमानं पूर्ण रंगवलेली नसत. उघडं ॲल्युमिनियम, त्यावर एकदोन रंगांचे पट्टे. रंग म्हणजे वजन आणि खर्च, आणि त्या पत्र्याला शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो, तो गंज अडवतो. आज अशी विमानं मूळ रूपात आणायची म्हणून मालक ती घासूनपुसून आरशासारखी करतात. उन्हात बघवत नाहीत इतकी. आता कारखान्यातून निघताना ती अशी आरसेमहाल नव्हती, साधी रुपेरी होती. आणि प्रत्येक पॉलिशबरोबर तो शुद्ध थर थोडा थोडा झिजतो. म्हणजे मूळ रूपाच्या हौसेपायी मूळ द्रव्य खर्च होतं. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकांचं नाकडोळे पुसट होईपर्यंत घासणारी आजी प्रत्येक घरात असते, तिची भक्ती खरीच असते. पण टाक झिजतोच.

यावर युरोपात एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झालाय. रस्किनचं म्हणणं, १८४९ पासूनचं, की इमारत पूर्ववत करणं हेच मुळात असत्य. व्हायोले-ल्-द्यूकचं म्हणणं उलट, की इमारत अशा पूर्णावस्थेला न्यावी जी कदाचित कुठल्याच काळी प्रत्यक्षात नव्हती. आरशासारखं सेसना हे व्हायोले-ल्-द्यूकचं अपत्य आहे. मला मात्र या दोघांपेक्षा आलोइस रीगल उपयोगी वाटतो. व्हिएन्नाचा कलेतिहासकार. १९०३ साली, म्हणजे राइट बंधू उडाले त्याच वर्षी, योगायोग बघा, त्याने लिहिलं की जुन्या वस्तूत आपण एकच मूल्य शोधत नाही. कुणाला तिच्यावर काळाच्या खुणा हव्यात, कुणाला इतिहासाचा पुरावा हवा, कुणाला ती नवीकोरी दिसायला हवी, कुणाला ती वापरायला हवी. आणि ही मूल्यं एकमेकांशी भांडतात. हे भांडण मिटवता येत नाही, फक्त कोणत्या वेळी कोणाची बाजू घेतो ते उघड सांगता येतं.

याचा उत्तम नमुना म्हणजे लिंडबर्गचं स्पिरिट ऑफ सेंट लुइस. १९२७ साली न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने, न थांबता गेलेलं. त्याचं नाक सोनेरी दिसतं. पुष्कळ लोकांना वाटतं ते तसंच होतं. नव्हतं. नाकावरचे पत्रे रुपेरी होते. पुढच्या दौऱ्यांत लिंडबर्ग ज्या ज्या देशांत गेला त्यांचे झेंडे त्या पत्र्यांवर रंगवले गेले, आणि १९२८ साली विमान स्मिथसोनियनकडे आल्यावर ते झेंडे टिकावेत म्हणून कुणीतरी वरून पारदर्शक वार्निश लावलं. वार्निश काळाने पिवळं पडलं. ते काढून पुन्हा रुपेरी करायचा विचार संग्रहालयाने केला होता. मग ठरलं, राहू द्या. हे विमान लिंडबर्गच्या हाती होतं तसं करून दाखवायचं नाही, आपल्या हाती आलं आणि राहिलं तसं जपायचं. मला हा निर्णय फार समंजस वाटतो. पण लक्षात घ्या, तो न उडणाऱ्या विमानाबद्दल आहे. छताला टांगलेल्या वस्तूला पाऊस लागत नाही. हाच न्याय उडणाऱ्या विमानाला लावून ‘पोपडे तसेच ठेवा, तो इतिहास आहे’ म्हणणारे लोक भेटतात. पोपड्याखाली गंज चढतो आणि त्या पत्र्यावर माणसाचा जीव असतो.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे देतो, रंगाचं नाही, पण मुद्द्याचं. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून निघून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, टपाल घेऊन, पस मॉथ विमानातून. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, त्याच तारखेला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी ते उड्डाण पुन्हा केलं. विमान होतं लेपर्ड मॉथ. त्याच डी हॅव्हिलंड घराण्यातलं, पण वेगळं. ते उड्डाण त्यामुळे नकली ठरलं का? नाही, कारण तिथे अस्सल असायची होती ती कृती आणि तो माणूस. कोणती गोष्ट अस्सल हवी हे आधी ठरलं की बाकीच्या तडजोडींना तडजोड म्हणण्याची लाज वाटत नाही.

आता ‘मॉडर्न’कडे. इथे मी जरा कडक होणार आहे. १९९० नंतर हलक्या विमानांवर एक साथ आली. पांढरं अंग, आणि त्यावर दोन-तीन रंगांच्या फर्राटेदार वळणदार रेघा, वाऱ्याने उडणाऱ्या ओढणीसारख्या. बुटांवर, बसवर, थंड पेयाच्या बाटलीवर दिसतात तशाच. हे आराखडे संगणकाच्या पडद्यावर, विमानाच्या एका बाजूच्या सपाट चित्रावर ओढले जातात. पडद्यावर झकास दिसतात. पण विमान सपाट नसतं. रेघ दारावर येते तिथे दाराची फट तिला कापते, खिडकीच्या चौकोनाशी भांडते, पोटाखाली जाऊन बिचारी कुठेतरी संपते. आणि समोरून पाहिलं तर काहीच अर्थ लागत नाही. कबसारख्या सरळ देहाच्या विमानावर ही ओढणी म्हणजे नऊवारीवर धावण्याचे बूट.

मात्र नवं म्हणून वाईट असं माझं मुळीच म्हणणं नाही. सिरस घ्या, एसआर-२०, १९९८ साली प्रमाणित झालेलं. त्याचा देह पत्र्याचा नाही, काचतंतू आणि राळ यांचा, साचात घडलेला. शिवण नाही, रिव्हेट नाही, सगळीकडे वळण. त्याच्यावर वळणदार रेघ शोभते, कारण देहच तसा आहे. आणि त्याचा पांढरा रंग ही आवड नाही, गरज आहे. राळ तापली की नरम पडते, गडद रंग उन्हात तापतो, म्हणून अशी विमानं बराच काळ पांढरीच असत. म्हणजे सिरसचं पांढरेपण त्याच्या द्रव्यातून आलंय, आणि सेसनाचं पांढरेपण निव्वळ आवडीतून. एक कारण आहे, दुसरी आवड.

आणि हे ‘मॉडर्न’ तरी कुठे कायम राहतं? १९७० च्या दशकातली सेसना १७२ आठवा, म्हणजे चित्रांत पाहा. तपकिरी, नारिंगी, सोनेरी पट्टे, त्या काळच्या सोफ्यांसारखे. वीस वर्षं लोक नाकं मुरडून ते खरवडून काढत होते. आता तेच पट्टे ‘ओरिजिनल’ म्हणून परत येऊ लागलेत. एखादी फॅशन टिंगलीच्या वयातून पार पडली की तिला मूळपण प्राप्त होतं. विस्कॉन्सिनमध्ये ऑशकॉशला दर उन्हाळ्यात विमानांचा मोठा मेळा भरतो, तिथे जुन्या विमानांचं परीक्षण होतं. ऑगस्ट १९४५ पर्यंतची अँटिक, तिथून १९५५ अखेरपर्यंतची क्लासिक, मग पुढची. जुनेपणाला अशी तारीख लावलेली पाहून मला हसू येतं. पण परीक्षकाला कुठेतरी रेघ मारावीच लागते हेही खरं.

कायदाही या सौंदर्यात हात घालतो. अमेरिकेत विमानाच्या अंगावर नोंदणी क्रमांक साधारण बारा इंच उंचीचा लागतो. जुन्या कबच्या काळी मोठी अक्षरं पंखांवर असत, कुशीवर नसत. आता मूळ रंग दिला आणि कुशीवर बारा इंची अक्षरं आली की त्या नाजूक पट्ट्याचा जीव जातो. पण तीस वर्षांहून जुन्या विमानांना दोन इंची अक्षरांची सवलत आहे. कुणातरी नियम करणाऱ्याला डोळे होते म्हणायचे.

एक गोष्ट तुम्हा सौंदर्यवाद्यांना सांगितलीच पाहिजे. विमानाचा रंग हा कामाचा भाग आहे. रिकाम्या कबचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, त्यावर रंगाचे चार हात जास्त झाले की तेवढं कमी उचलता येतं. शेपटीच्या आणि पंखांच्या हलत्या भागांवर रंग चढला की त्यांचा तोल बदलतो, आणि तोल गेलेला भाग वेगात थरथरू लागला तर तुटू शकतो. १९४७ साली आलेल्या इंग्रजी व्ही आकाराच्या शेपटीच्या बोनान्झासारख्या विमानात तर रंगानंतर तो तोल फार काटेकोर तपासावा लागतो. जुना रंग न काढता वर नवा मारणारा रंगारी स्वस्त पडतो, पण तो कलेचा नाही, यंत्राचा अपराधी आहे.

आणि दिसणं. पिवळा लांबून दिसतो म्हणून सुरक्षित, असं परंपरावाले सांगतात. जमिनीवर, झाडीवर, हो. आकाशात? ब्रिटिश हवाई दलाने १९९० च्या दशकात चाचण्या घेतल्या आणि शिकाऊ वैमानिकांची विमानं चकचकीत काळी करून टाकली. उजळ आकाशापुढे काळी आकृती लवकर नजरेत भरते. तेव्हा पिवळा द्या, पण आवडतो म्हणून द्या. सुरक्षेचं सोवळं त्याला नेसवू नका.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलंय, की मालकाने नेमकं करायचं काय? रंग खरवडण्याआधी थांबायचं. एखाद्या तपासणी-झाकणाच्या आड, कुणाला दिसणार नाही अशा जागी, रुपयाएवढा तुकडा बारीक पॉलिश कागदाने हळूहळू घासायचा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी सगळी पुटं एकाआड एक दिसतात, वरचं पांढरं, त्याखालचं तपकिरी, त्याखालचं पिवळं, कधी अगदी तळाशी हिरवं. त्याचा उजेडात फोटो काढायचा, कागदपत्रांत लावायचा, मग काय हवं ते करायचं. कापडी विमान असेल तर जुनं कापड कापून काढल्यावर ते भंगारात जातं. त्यातला क्रमांक लिहिलेला तुकडा पुष्कळ मालक भिंतीवर टांगतात. टांगा, पण उलटी बाजूही एकदा बघा. कापड चढवणाऱ्यांनी कधी कधी आतल्या अंगाला पेन्सिलीने तारीख घातलेली असते.